जुनाच मार्ग, नवी रेल्वे : रेल्वे-परिसरविज्ञानात नव्याने येणाऱ्या अभ्यासकांसाठी

अकोल्याहून खंडव्याकडे निघालेली मीटरगेज गाडी अकोट, हिवरखेड मागे टाकून वान रोडच्या पुढे सातपुड्यात शिरत असे. धूळघाटाजवळ चढ असा, की रूळ डोंगराभोवती फिरून आपल्याच खालच्या वाटेला वरून ओलांडत आणि मग पुढे जात. गाडीचा वेग बेताचाच होता आणि दिवसभरातल्या गाड्याही मोजक्याच. जयपूरपासून काचीगुड्यापर्यंत पोचणाऱ्या जुन्या मीटरगेज जाळ्याचा हा दुवा होता आणि त्याचा सुमारे ३८ किलोमीटरांचा तुकडा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतला मेळघाट एक. म्हणजे रेल्वे आधी आली आणि वाघाला संरक्षण नंतर मिळाले. दोन्ही गोष्टी कित्येक वर्षे एकाच जंगलात नांदल्या.

२००८-०९ मध्ये रतलाम–महू–खंडवा–अकोला हा सारा मार्ग ब्रॉडगेज करण्याचे ठरले, आणि या पुस्तकाचा विषय ज्या प्रश्नातून उभा राहतो तो प्रश्न विदर्भाच्या दारात येऊन उभा राहिला. रेल्वेचे म्हणणे सरळ होते : मार्ग जुनाच आहे, जमीन रेल्वेचीच आहे, आम्ही फक्त रूळ बदलतो आहोत. कागदावर हे पटण्यासारखे आहे. मीटरगेजच्या रुळांतले अंतर १,००० मिलिमीटर, ब्रॉडगेजच्या रुळांतले १,६७६. मीटरभरही नसलेल्या या फरकाने जंगलाचे असे काय बिघडणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला जो बसतो, तो या विद्याशाखेचा विद्यार्थी झालाच. फरक रुळांमधल्या अंतराचा नसतोच. ब्रॉडगेजची वळणे मोठ्या त्रिज्येची लागतात आणि चढ सौम्य लागतो. त्यामुळे धूळघाटासारखा फेरा तसाच ठेवून चालत नाही. नवी कटिंग, नवे बोगदे आणि उंच भराव करावे लागतात. भराव रुंद झाला की पायथ्याशी झाडे जातात. मार्ग तयार झाला की वेग वाढतो, गाड्यांची लांबी आणि संख्या वाढते, आणि आजवर फारशा नसलेल्या रात्रीच्या मालगाड्या सुरू होतात. नकाशावरची रेषा तीच राहते. तिच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या जिवांच्या दृष्टीने मात्र तिथे एक वेगळीच रेल्वे आलेली असते.

मेळघाटात आणखी एक गुंता होता आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वान अभयारण्यातली गावे वाघासाठी मोकळी जागा हवी म्हणून हळूहळू बाहेर हलवली गेली होती. कोरकू कुटुंबांनी घरे, शेते, देवांची ठिकाणे मागे सोडली. त्यांना उठवून जे जंगल शांत केले, त्यातूनच वेगवान गाड्या न्यायच्या, आणि ज्या स्थानकांवर चढा-उतरायला आता गावच उरले नाही ती स्थानके पुन्हा बांधायची, याला कोणता हिशेब लावणार? दुसऱ्या बाजूला अकोट, तेल्हारा, जळगाव जामोद या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची मागणीही खरी होती. रेल्वे त्यांच्या गावांवरून गेली तर माल, प्रवासी, रुग्ण, विद्यार्थी साऱ्यांचीच सोय होणार होती. म्हणून व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून पायथ्याच्या गावांवरून मार्ग न्यावा, असा पर्याय वन्यजीव अभ्यासकांनी मांडला. अंतर थोडे वाढणार होते, पण प्रवासी कितीतरी अधिक मिळणार होते. २०२० मध्ये राज्य सरकारने हीच भूमिका घेतली आणि पुढे रेल्वेनेही प्रकल्पाबाहेरच्या मार्गाची वाट धरली. दरम्यान अकोला–अकोट हा सपाटीचा भाग ब्रॉडगेज होऊन २०२२ च्या अखेरीस तिथे गाडी सुरूही झाली. विकास की वाघ, अशी मांडणी करून ज्या वादात वर्षे गेली, त्याचा सुटण्याजोगा भाग नकाशावर थोडे दक्षिणेला आणि पश्चिमेला पाहताच दिसत होता. तसे पाहण्याची सवय लावणे, हेच या विषयाचे पहिले काम.

रेल्वे-परिसरविज्ञान हे नाव नवे आहे. रस्त्यांचा निसर्गावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्यांनी आपली शाखा आधी उभी केली. रिचर्ड फोरमन आणि सहकाऱ्यांचा ‘रोड इकॉलॉजी’ हा ग्रंथ २००३ चा. रेल्वेवरचा तसा संकलित ग्रंथ, ‘रेल्वे इकॉलॉजी’, २०१७ मध्ये आला. त्यात उत्तर बंगालमधल्या हत्तींवर मुक्ती रॉय आणि रमण सुकुमार यांचे प्रकरण आहे, म्हणजे भारत या शाखेत पहिल्यापासून हजर आहे. पण नाव नवे असले तरी विचार इथे फार जुना आहे, आणि तो परदेशातून आलेला नाही, हे नव्या अभ्यासकाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

बंगालचे आरोग्य संचालक चार्ल्स बेंटली यांनी १९२५ मध्ये मलेरिया आणि शेती यांवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की रेल्वे आणि रस्त्यांच्या भरावांनी नद्यांचे पुराचे पाणी अडवले. गाळ घेऊन येणारे पाणी शेतांत पसरायचे थांबले, जमिनीचा कस उतरला आणि भरावालगत साचलेल्या पाण्यात डास वाढले. मलेरियाचा आणि पिकांच्या घसरणीचा धागा रेल्वेच्या मातीच्या बंधाऱ्याशी जोडणारा हा विचार शंभर वर्षांपूर्वी भारतात मांडला गेला. भरावाखालून पाणी जाण्यासाठी मोऱ्या किती ठेवल्या, केवढ्या ठेवल्या आणि कुठे ठेवल्या, यावर एका प्रदेशाचे आरोग्य अवलंबून असू शकते, हे त्यातून कळले. आजच्या प्रकल्प अहवालात मोऱ्यांचे कोष्टक चाळून पुढे जाणाऱ्याने बेंटली एकदा वाचावा.

दुसरा जुना धागा लाकडाचा. एकोणिसाव्या शतकात एका मैलाला दोन हजारांच्या आसपास स्लीपर लागत आणि ते काही वर्षांत कुजत. साग, साल आणि देवदाराची जंगले रुळांखाली गेली. १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते उभे राहिले, त्यामागे रेल्वेला कायम लाकूड मिळत राहावे ही गरज मोठी होती. आज रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आहेत. आधुनिकीकरणाने जंगलावरचा एक मोठा भार खरोखर उतरवला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. डब्यांतली घाण थेट रुळांवर पडायची, ती जैवशौचालयांनी थांबली. हेही याच खात्यात जमा करायला हवे. प्रत्येक सुधारणेकडे संशयाने पाहणारा अभ्यासक या विषयाचे नुकसानच करतो.

पण वेगाचा हिशेब वेगळा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. भरलेली मालगाडी पूर्ण वेगात असेल तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत किलोमीटरभर पुढे जाऊ शकते. लोको पायलटला वळणावर, कटिंगमध्ये, पावसात किंवा धुक्यात शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे दिसत नसेल, तर त्याला दोष देऊन काही साधत नाही. सिलिगुडी ते अलिपूरद्वार हा तराईतला मार्ग २००३-०४ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. आधीच्या काळात तिथे वर्षाकाठी सरासरी एखादा हत्ती गाडीखाली सापडे. रूपांतरानंतर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. नोव्हेंबर २०१३ मध्ये जलढाका नदीच्या पुलाजवळ एका एक्स्प्रेसने कळपाला धडक दिली आणि सात हत्ती मेले. रात्रीच्या गाड्या, वळणे, हत्तींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा, या तिन्हींची आधी नोंद होती. त्या एकत्र ठेवून पाहिल्या गेल्या नव्हत्या.

आपल्याकडे चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघिणीचे तीन बछडे पॅसेंजर गाडीखाली गेले. हा गोंदिया–बल्लारशाह मार्ग. एकेकाळचा नॅरोगेज, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालेला, आणि अलीकडे विजेच्या तारा आलेला. ताडोबा, घोडाझरी, ब्रह्मपुरीचे जंगल, नवेगाव-नागझिरा यांच्या मधून वाघ ये-जा करतात, त्या वाटांना हा मार्ग ठिकठिकाणी छेद देतो. बछडे मेल्याची बातमी दोन दिवस छापून आली. त्या ठिकाणी रूळ कसे वळतात, भराव किती उंच आहे, दोन्ही बाजूंना झुडपे किती दाट आहेत, आणि जवळची मोरी प्राण्याला वापरता येण्याजोगी आहे का, हे प्रश्न बातमीत मावत नाहीत. ते या शाखेने विचारायचे आहेत.

मोरीपाशी थोडे थांबू. रुळांखालून नाला जाण्यासाठी दगडी कमान किंवा सिमेंटची चौकट असते, ती मोरी. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात कोरडी रेती. त्या रेतीवर सकाळी वाकून पाहिले तर रात्रीचा सगळा वावर तिथे उमटलेला असतो : सायाळ, मुंगूस, रानमांजर, कधी अस्वल. मोरीची उंची माणसाएवढी असेल, आत खड्डा नसेल आणि पलीकडच्या तोंडातून उजेड दिसत असेल, तर प्राणी वर न चढता खालून जातात. तळाला पाणी तुंबलेले असेल किंवा तोंडाशी खडीचा ढीग टाकलेला असेल, तर तोच प्राणी भराव चढून रुळांवर येतो. दुहेरीकरणात मोरी लांबवतात, म्हणजे दुसऱ्या रुळाखाली तेवढीच कमान पुढे ओढतात. लांबी दुप्पट झाली की आतला उजेड कमी होतो आणि कालपर्यंत वापरात असलेली वाट बंद पडते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आराखड्यात मोरीच्या पुढे फक्त पाण्याचा विसर्ग लिहिलेला असतो, एवढेच.

ही गोष्ट कुणाला ठाऊक असते? कीमनला. रोज पाच-सहा किलोमीटर हातोडा आणि पाना घेऊन तो आपल्या हद्दीतला रूळ तपासत चालतो. चावी सैल झाली का, वेल्डला तडा गेला का, हे पाहतानाच त्याला ठसे, विष्ठा, मेलेले साप, घसरलेली माती, सारे दिसते. आपल्या हद्दीत हरणे कुठून उतरतात आणि कोणत्या महिन्यात उतरतात, हे तो न अडखळता सांगेल. या शाखेचे निम्मे ज्ञान अशा माणसांपाशी न लिहिलेले पडून आहे. नव्या अभ्यासकाने पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चालावे आणि मग संगणकावर नकाशे काढावेत, असे माझे ठाम मत आहे.

विद्युतीकरणाचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा कोकण रेल्वेमार्ग जून २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकृत म्हणून राष्ट्राला अर्पण झाला. शेकडो पूल आणि बोगद्यांच्या या मार्गावर डिझेलचा धूर बोगद्यात कोंडून राहायचा. तो त्रास गेला आणि इंधनाचा खर्चही घटला. ट्रकच्या तुलनेत रेल्वे तेवढाच माल कितीतरी कमी ऊर्जेत नेते. त्यामुळे रस्त्यावरचा माल रुळांवर येणे हवामानाच्या दृष्टीने चांगलेच. रेल्वेने २०३० पर्यंत आपले निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र तारेतली वीज कुठून येते हा प्रश्न उरतो. आपल्या राज्यात तिचा मोठा वाटा कोळशावरच्या केंद्रांतून येतो, आणि चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राभोवती श्वास घेणाऱ्यांना तो वाटा ठाऊक आहे. धूर कोकणातून जाताना विदर्भात किती वाढतो, याचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे.

आणि तारेचा जमिनीवरचा परिणामही आहे. आसाममध्ये जोरहाटजवळ होलोंगापार गिबन अभयारण्य आहे, जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे. ब्रिटिश काळातला रेल्वेमार्ग त्याचे दोन तुकडे करतो. हुलॉक गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोके घेत जातो. रुळांवरची फांद्यांची कमान तुटली की अलीकडचे गिबन अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे अडकतात. तिथे आता २५ हजार व्होल्टची तार येणार म्हटल्यावर तारेखालून नव्हे, तारेवरून सुरक्षित जाणारे दोरीचे पूल कसे बांधावेत, यावर संशोधकांना बसावे लागले. विद्युतीकरणाला ‘हरित’ म्हणून सरसकट मोकळे सोडता येत नाही ते यासाठी.

कायद्याची बाजू समजून घेतल्याशिवाय या क्षेत्रात कुणी फार पुढे जाऊ शकत नाही. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत महामार्ग, विमानतळ, बंदरे आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे नव्या रेल्वेमार्गालाही पर्यावरण मंजुरी लागत नाही. जुन्याच्या आधुनिकीकरणाला ती लागण्याचा प्रश्नच येत नाही. वनजमीन लागली तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. म्हणजे मार्ग जंगलातून गेला तर निदान प्रश्न विचारले जातात. तो खाजणातून, माळरानातून, भातशेतीतून, पाणथळीतून गेला तर विचारणारे फारसे कुणी नसते. ही उणीव मला अक्षम्य वाटते. माळढोक आणि तणमोर माळरानावरच जगतात, आणि कोकण-गोव्याच्या खाजण जमिनींचे पाणी रुळांच्या भरावाने अडू शकते.

या कायद्याचा कस लागला तो गोव्यात, मोले येथे. मुरगाव बंदराला घाटमाथ्याशी जोडणारा मार्ग पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात बांधला गेला. कुळे ते कॅसलरॉक हा त्याचा घाटाचा भाग, दूधसागर धबधब्यावरून जाणारा, ३७ फुटांमागे एक फूट असा चढ असलेला. या भागाच्या दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने संमती दिली होती. गोव्यातले विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील एकत्र आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेले. एप्रिल २०२१ च्या अहवालात समितीने जे म्हटले, ते प्रत्येक अभ्यासकाने मुळातून वाचावे. तिने जैवविविधतेचे नुकसान मांडलेच; पण त्याबरोबर विचारले की चढ तसाच राहणार असेल, तर दुसरा रूळ टाकून या सर्वांत अकार्यक्षम तुकड्याची क्षमता अशी कितीशी वाढणार? ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचे म्हणणे मान्य केले आणि त्या भागासाठीची संमती रद्द झाली. निसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्याला रेल्वेचे तंत्र कळत असेल तर त्याचा शब्द किती वजनदार होतो, हे मोलेने दाखवले. भावनेला मी कमी लेखत नाही. मोलेची चळवळ प्रेमातूनच उभी राहिली. पण निकालात प्रेमाबरोबर चढाचा आकडाही बोलला.

उपायांबद्दल थोडक्यात, कारण पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर आहेत. पेंचजवळच्या नागपूर–जबलपूर महामार्गावर नऊ ठिकाणी उंच रस्ते आणि पूल करून खालून वाट सोडली, तेव्हा भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. रस्त्यावर जमते ते रुळांवरही जमेल. ईशान्य सीमा रेल्वेने रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तींच्या पावलांची कंपने ओळखणारी यंत्रणा बसवली आहे. रात्रीच्या वेळी ठरावीक किलोमीटरांत वेग कमी करण्याची कॉशन ऑर्डर हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना सर्वांत नकोसा. सांडलेले धान्य वेळच्या वेळी उचलले तर प्राणी रुळांवर येत नाहीत. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात मालगाड्यांतून गळणाऱ्या धान्यासाठी रुळांवर येणारी ग्रिझली अस्वले हा तिथल्या संशोधकांचा अनेक वर्षांचा विषय झाला. युरोपात गजबजलेल्या मार्गांलगत राहणाऱ्यांचा मुख्य त्रास आवाजाचा. स्वित्झर्लंडने २०२० पासून जुन्या, कर्कश ब्रेकच्या मालडब्यांना बंदी घातली. आपल्याकडे रुळांलगतच्या वस्तीतला आवाज मोजण्याचे काम अजून फारसे सुरूही झालेले नाही.

या क्षेत्रात कोणी यावे? स्थापत्य अभियंत्याने यावे, कारण मोरीची उंची त्याच्या हातात आहे. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जलविज्ञान शिकणाऱ्यांनी यावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यावे आणि वळसा घातलेल्या मार्गाचे उत्पन्न काढून दाखवावे. मेळघाटात तेच कामी आले. कायदा शिकणाऱ्याने यावे. आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्याने तर जरूर यावे. त्याला विरोधक समजून दूर ठेवण्याची चूक या शाखेने करू नये. एकाच माणसाला हे सारे येणार नाही, पण एकमेकांची भाषा कळण्याइतके तरी प्रत्येकाला यावे.

या सर्वांसाठी एक काम समोर आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरांच्या मार्गाचे दुहेरीकरण मंजूर केले. दुहेरीकरणानंतर काय बदलले हे सांगायचे, तर आधी काय होते याची नोंद लागते, आणि ती दुसरा रूळ पूर्ण होण्याआधीच घेता येते. कोणत्या मोरीतून कोण जाते, कोणत्या किलोमीटरला काय मेले, रात्री किती गाड्या धावतात, नाल्यांना पाणी किती, वस्तीत आवाज किती, हे सारे आत्ताच लिहून ठेवावे लागेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी रेल्वे व वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन एकेक टप्पा वाटून घ्यावा आणि या हिवाळ्यापासूनच नोंदी सुरू कराव्यात.